लायसन्स जमा, आरटीओची नोटीस, कोर्टाचं समन्स: वेगाच्या पावतीनंतर नेमकं काय करायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही बघता येईल. रात्री अकराच्या पुढे वारज्याजवळ हायवेला पोलिसांच्या इंटरसेप्टरने, म्हणजे वेग मोजणाऱ्या गाडीने, तुम्हाला थांबवलं, मशीनवर ११२ आकडा आला, आणि तिथे मर्यादा ६० आहे असं त्यांचं म्हणणं. गाडी वडिलांच्या नावावर. लायसन्स त्यांनी ठेवून घेतलं, हातात एक पोचपावती दिली. आता एकीकडे आरटीओची कारणे दाखवा नोटीस आलीये आणि दुसरीकडे कोर्टाचं समन्स. त्यात एक्सप्रेसवेच्या दोन जुन्या ई-चलानचे पैसे भरायचे राहिलेत, पुढच्या दोनेक महिन्यांत नोकरी बदलायची आहे, नवीन कंपनी बॅकग्राउंड चेक करणार आहे, आणि एक एजंट म्हणतोय की आठ हजार द्या, सगळं मिटवून देतो. तुमचा शेवटचा प्रश्न असा, की दंड भरून टाकला तर विषय संपेल ना?

नाही संपणार, आणि तुमची खरी अडचण इथेच आहे. मी पुण्यात शिवाजीनगर कोर्टात वकिली करते, मोटार वाहन कायद्याच्या केसेस आणि अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे, दोन्ही बघते. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक दंडाच्या रकमेची चिंता घेऊन येतात, पण या सगळ्यात दंड ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. महाग काय पडतं, तर लायसन्स, रेकॉर्ड, आणि त्या मधल्या काळात केलेला एखादा आगाऊपणा.

तुमचं प्रकरण एक नाही, दोन आहेत. एक कोर्टातलं, ज्यात गुन्हा झाला का आणि शिक्षा काय हे ठरणार. दुसरं आरटीओतलं, ज्यात तुम्हाला गाडी चालवायला लायक ठेवायचं का हे ठरणार. दोन्ही वेगळ्या टेबलांवर चालतात आणि एकीकडचं मिटलं म्हणून दुसरीकडचं आपोआप मिटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०० कलमात तडजोडीचा दंड, म्हणजे खटला न चालवता पैसे भरून गुन्हा मिटवायची सोय आहे, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच कलमात हेही लिहिलंय की तडजोड केली तरी २०६(४) खालची, म्हणजे पोलिसांनी लायसन्स घेऊन आरटीओकडे पाठवल्यावरची, कारवाई सुटत नाही. लोक दंडाची पावती दाखवून आरटीओत म्हणतात "साहेब, मी तर भरलेत पैसे", आणि समोरचा अधिकारी म्हणतो बरोबर आहे, आता लायसन्सचं बोला.

म्हणून पहिलं काम, समन्स, पोचपावती आणि नोटीस तिन्ही कागद समोर ठेवा आणि त्यावरचं कलम वाचा. सगळं त्यावर अवलंबून आहे. नुसतं १८३ असेल तर तो वेगमर्यादा ओलांडल्याचा गुन्हा, कारसाठी कायद्यात १,००० ते २,००० रुपये दंड, यात कैद नाही. १८४ असेल तर मामला बदलतो, कारण ते धोकादायक पद्धतीने गाडी चालवल्याचं कलम आहे, पहिल्या वेळेला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० दंड किंवा दोन्ही, आणि तीन वर्षांच्या आत परत तेच केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. घाबरू नका, कुणाला इजा झालेली नाही, दारू नाही, पहिलीच वेळ, अशा केसमध्ये माझ्या अनुभवात कोर्ट दंडावरच थांबतं. पण १८४ मध्ये मोबाईल वापरल्याचा भाग सोडला तर तडजोड करता येत नाही, म्हणजे ते ॲपवर पैसे भरून मिटणारं प्रकरणच नाही, मॅजिस्ट्रेटसमोरच मिटतं. आणि तिसरी शक्यता अशी की पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या २८१ कलमाखाली गुन्हा दाखल झालाय. हे जुनं आयपीसीचं २७९, हयगयीने आणि बेदरकारपणे गाडी चालवणं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे, पण एफआयआर आहे, आणि एफआयआरचा माग पुढे बराच काळ राहतो. तुम्ही "समन्स" म्हणालात पण कलम लिहिलं नाहीत, त्यामुळे पुढचं मी १८३ आणि १८४ दोन्ही लागलेत असं धरून सांगते. २८१ पण दिसलं, तर मात्र हे वाचून स्वतःचं स्वतः करू नका, वकील गाठा.

आता एक गोष्ट आज रात्रीपासूनच लागू. गाडी चालवू नका. लायसन्स २०६(४) खाली घेतलं असेल तर हातातली पोचपावती ही गाडी चालवायची परवानगी नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. बहुतेकांना वाटतं की पावती आहे म्हणजे तेच तात्पुरतं लायसन्स, पूर्वी काही बाबतीत तसं चालायचंही, इथे चालत नाही. डिजिलॉकरमध्ये लायसन्स अजून हिरवं दिसतंय म्हणून चालवू, असंही नको. आणि कार बंद तर ॲक्टिवा काढतो, हा तर मी रोज ऐकते तो प्रकार, अहो लायसन्सचं कार्ड एकच आहे, त्यावर कार आणि दुचाकी दोन्ही क्लास आहेत, तेच जमा झालंय. पुढे निलंबनाची ऑर्डर निघेल तेव्हा ती कोणकोणत्या क्लासला लागू आहे ते ऑर्डरमध्ये वाचा, कारण कायद्याने सगळ्या किंवा काही क्लासपुरतं अपात्र करता येतं.

निलंबन चालू असताना गाडी चालवताना सापडलात तर १८२ कलम, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. पण मला त्याहून जास्त भीती विम्याची वाटते. त्या काळात एखादा अपघात झाला तर स्वतःच्या गाडीचा क्लेम कंपनी नाकारू शकते, आणि समोरच्याला लाखांत भरपाई द्यायची वेळ आली तर कंपनी आधी पैसे भरून मग ते गाडीच्या मालकाकडून वसूल करायची मागणी करते. मालक म्हणजे तुमचे वडील. रिटायरमेंटचे पैसे अशा वसुलीत गेलेली घरं मी पाहिलीत, आणि प्रत्येक वेळी सुरुवात "इथेच तर जायचं होतं, कोपऱ्यावर" अशीच असते. तीन महिने कंपनीची बस, पीएमपी, मेट्रो, रिक्षा, मित्राच्या मागे बसणं, जे जमेल ते करा.

आता आरटीओची सुनावणी. यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे कारण लोक कोर्टाला घाबरतात आणि या सुनावणीला हलक्यात घेतात, आणि तुमच्या केसमध्ये जास्त नुकसान व्हायची जागा हीच आहे.

मागची गोष्ट थोडी माहीत असलेली बरी. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने सगळ्या राज्यांना सांगितलं की अतिवेग, सिग्नल तोडणं, दारू पिऊन चालवणं, गाडी चालवताना मोबाईल, अशा गुन्ह्यांत लायसन्स कमीत कमी तीन महिने निलंबित करा. मग २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १९(१अ) आलं, त्यात पोलिसांनी पाठवलेल्या लायसन्सवर पहिल्या वेळेला तीन महिने अपात्रता आणि दुसऱ्यांदा थेट लायसन्स रद्द. म्हणजे समोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या हातात फार ताणायला जागा नाही, तो तुमच्यावर राग काढत नसतो, त्याच्यापुढे चौकटच तेवढी आहे. पण त्याच कलमात दोन गोष्टी तुमच्या बाजूच्याही आहेत. एक, तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय ऑर्डर काढता येत नाही. दोन, म्हणणं पटलं तर तुम्हाला मोकळं सोडायचा अधिकारही त्याला दिलेला आहे.

त्यामुळे सुनावणीला स्वतः जा. नोटिशीवर ऑफिस कुठलं आहे ते आधी बघा, संगम पुलाजवळचं मुख्य ऑफिस का आळंदी रोडचं, का पिंपरी-चिंचवडचं, आणि लायसन्स गावाकडच्या आरटीओतून काढलेलं असेल तर कागद नक्की कुठे गेलेत याची खात्री करून घ्या, चुकीच्या खिडकीवर उभं राहून तारीख गेली असं व्हायला नको. तारखेला जमणारच नसेल तर आधी लेखी अर्ज देऊन पुढची तारीख मागा. न जाणं सगळ्यात वाईट, कारण मग एकतर्फी ऑर्डर निघते आणि नंतर तुमच्या हातात फक्त अपील उरतं.

सोबत लेखी उत्तर न्या, एक पानाचं, मराठीत, साध्या भाषेत. त्यात नोटीस क्रमांक, तारीख, लायसन्स नंबर, लायसन्स कधीपासून पोलिसांकडे जमा आहे ती तारीख, आधी अपघात किंवा शिक्षा झालेली नसेल तर तसं, आणि वेग जास्त होता हे मान्य असेल तर तसंही. कारण खरं असेल तरच लिहा. आजी हॉस्पिटलमध्ये होती हे वाक्य त्या टेबलावर रोज येतं, तुमची आजी खरंच त्या रात्री ॲडमिट असेल तर ॲडमिशनचा कागद जोडा, नसेल तर तिला यात आणू नका. एकदा खोटं पकडलं गेलं की पुढचं खरंही ऐकून घेतलं जात नाही. "सगळेच तिथे शंभरने जातात" हे तर तोंडातून काढू नका, खरं असलं तरी, कारण त्याचा अर्थ तुम्ही परत तसंच जाणार एवढाच निघतो.

मी माझ्या पक्षकारांच्या उत्तरात दोन मागण्या नेहमी घालते. पहिली, लायसन्स ज्या दिवशी पोलिसांनी घेतलं त्या दिवसापासून तीन महिने मोजावेत. कधीकधी पोलिसांकडून आरटीओपर्यंत लायसन्स पोचायलाच काही आठवडे जातात, तेवढे दिवस तुम्ही गाडी चालवलेली नाहीये, मग ते धरा असं म्हणायला तुम्हाला हक्काची जागा आहे. मान्य होईलच असं नाही, पण मागितलंच नाही तर कुणी आपणहून देत नाही. दुसरी, रिफ्रेशर ट्रेनिंग, म्हणजे गाडी चालवण्याची उजळणी, आपण स्वतःहून करायला तयार आहोत हे लिहा. निलंबन झालं की ते ट्रेनिंग कायद्याने करावंच लागतं, मग आधीच तयारी दाखवलेली बरी. कुठल्या संस्थेचं सर्टिफिकेट चालेल ते त्याच ऑफिसात विचारून घ्या, भोसरीला आयडीटीआर ही ड्रायव्हिंग ट्रेनिंगची संस्था आहे, तिथेही चौकशी करा. मोकळं सोडायची मागणी करायची असेल तर तीही लिहा, पण त्याला आधार लागतो, म्हणजे गाडी मी चालवतच नव्हतो, किंवा मशीनचा आकडा माझ्या गाडीचा नाही, अशा प्रकारचा. "नोकरीला अडचण होते" हे कारण समजून घेतात, पण त्यावर मोकळं सोडत नाहीत. उत्तराची एक प्रत इनवर्ड करून, म्हणजे ऑफिसात आवक नोंद करून, शिक्का मारून स्वतःकडे ठेवा. ऑर्डर हातात पडली की त्यावर तुम्हाला ती कधी मिळाली ती तारीख लिहून ठेवा, तिथून तीस दिवसांत अपील करता येतं, तीस दिवस फार पटकन जातात.

कोर्टाकडे वळू. समन्सच्या तारखेला हजर राहा, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते, कारण दोन हजाराच्या दंडाच्या केसमध्ये वॉरंट निघून मग धावत आलेली माणसं मी बघते. १८३ आणि १८४ दोन्ही असतील तर मॅजिस्ट्रेट विचारतील, गुन्हा कबूल आहे का. बाहेर उभा असलेला कुणीही तुम्हाला सांगेल की हो म्हणा, दंड भरा, जेवायच्या आत घरी. १८३ पुरतं असेल आणि वेग खरंच तेवढा असेल तर मीही तेच सांगेन. पण १८४ ची कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि पुढच्या तीन वर्षांत परत काही झालं तर तिचा उपयोग तुमच्याविरुद्ध होतो. त्यामुळे १८४ ला हो म्हणायच्या आधी एकदा तरी कागदपत्रांची प्रत मागून वाचा.

काय बघायचं त्यात? १८३(३) मध्ये असं आहे की एकाच साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर, म्हणजे मला वाटलं शंभरच्या वर होता एवढ्यावर, वेगासाठी दोषी धरता येत नाही, तो अंदाज यंत्रावर आधारलेला असावा लागतो. मग यंत्र आलं की यंत्राचे प्रश्न आले. मशीन तपासलेलं होतं का, त्याचं प्रमाणपत्र त्या तारखेला चालू होतं का, फोटोत नंबर प्लेट वाचता येते का, वेळ आणि जागा तुमच्या आठवणीशी जुळते का, फोटोत शेजारी दुसरी गाडी आहे का जिचा तो वेग असू शकतो. आणि बोर्ड. दिवसा त्या जागी जाऊन बघून या, गाडी न चालवता अर्थातच, ६० चा बोर्ड तुम्ही ज्या दिशेने येत होतात तिथून दिसतो का, झाडाआड गेलाय का, मेन रोडला आहे का सर्व्हिस रोडला, फोटो काढून ठेवा. हायवेवर काही पट्ट्यांत मर्यादा बदलत जाते, नवले पुलाच्या उतारासारख्या ठिकाणी तर अपघातांमुळे ती वेगळी ठेवलेली असते, त्यामुळे तुम्हाला थांबवलं ती जागा आणि वेग मोजला ती जागा एकच होती का, हेही विचारा.

पण मनापासून सांगते, तुम्हाला स्वतःला माहीत असेल की काटा ११० च्या पुढे होता, तर मशीनच्या सर्टिफिकेटवर सगळी लढाई उभी करू नका. १८३ मान्य, १८४ अमान्य, अशी भूमिका घेता येते, म्हणजे वेग जास्त होता पण रस्ता मोकळा, लेन बदललेली नाही, ओव्हरटेकिंग नाही, कुणाला धोका होईल अशी चालवण्याची पद्धत नव्हती. ही भूमिका टिकेल का, हे पोलिसांनी कागदात काय लिहिलंय त्यावर ठरतं. नाही टिकली आणि १८४ सिद्ध झालं, तर १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली ताकीद देऊन सोडावं अशी विनंती वकिलामार्फत करता येते. पहिलीच वेळ, वय कमी, इजा नाही, अशा वेळी ही विनंती करण्यासारखी असते, कारण त्या कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही. हा कोर्टाचा विवेक आहे, हक्क नाही, आणि सहसा कुणी स्वतःहून सुचवत नाही म्हणून इथे मुद्दाम लिहितेय.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या दोन पावत्या, म्हणजे ती थकलेली ई-चलान. त्या कॅमेऱ्याच्या, त्यामुळे गाडीच्या मालकाच्या म्हणजे वडिलांच्या नावाने निघाल्यात. आधी फोटो उघडून बघा, गाडी तुमचीच आहे ना, जागा कुठली आहे. तिथे कारला सपाटीवर १०० आणि घाटात ६० अशी मर्यादा आहे, २०२४ पासून कमानींवरच्या कॅमेऱ्यांची जी सिस्टीम चालू झालीये ती दोन कमानींमधला सरासरी वेगही काढते, त्यामुळे कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारून पुढे परत पळवली तरी पावती येते. कॅमेऱ्याच्या पावत्यांसाठी २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला, त्यात नोटीस पंधरा दिवसांत पाठवणं, यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण, कॅमेऱ्याची सूचना देणारे बोर्ड, हे सगळं आहे. यात काही खटकलं तर वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवा, पुराव्यासकट. काही खटकत नसेल तर भरून टाका. सुनावणीला जाताना जुन्या थकलेल्या वेगाच्याच पावत्या नावावर असणं हे "पहिलीच वेळ" या तुमच्या म्हणण्याच्या आड येतं. लोकअदालतीत कमी होतील म्हणून लोक थांबतात, शिवाजीनगरला लोकअदालतीत अशा पावत्या निकाली निघतातही, पण तुमच्याकडे तेवढा वेळ आहे का ते तारखा बघून ठरवा, दोनेक हजार वाचवायला ही वेळ चांगली नाही. आणि पैसे सरकारी पोर्टलवर किंवा ॲपवरच भरा, व्हॉट्सॲपवर चलानच्या नावाने एखादी फाइल किंवा लिंक आली असेल तर तिला हातही लावू नका, त्यातून बँक खाती रिकामी होतात.

आणि या दोन पावत्यांच्या वेळी गाडी कोण चालवत होतं, हे पोलिसांनी विचारलं तर मालकाला सांगावं लागतं, १३३ कलम आहे. तेव्हा खरं नाव सांगा. तुमचं लायसन्स अडचणीत आहे म्हणून बाबा म्हणतील मी चालवत होतो, आईवडील असंच म्हणतात, पण कॅमेऱ्याचा फोटो समोरून असेल तर त्यात चेहराही असतो, आणि मग साध्या पावतीतून खोटी माहिती दिल्याचं प्रकरण तयार होतं. शिवाय त्यांचं लायसन्स स्वच्छ राहणं आत्ता घरात सगळ्यांना हवंय.

नोकरीचं. बॅकग्राउंड चेक करणाऱ्या कंपन्या बहुधा कोर्टाच्या ऑनलाइन रेकॉर्डमध्ये नावाने शोधतात, ई-कोर्ट्सवर ते कुणालाही करता येतं. तुमची केस तिथे दिसत असेल असं धरून चाला. फॉर्ममधला प्रश्न नीट वाचा, दोषसिद्धी विचारलीये का प्रलंबित केस विचारलीये, का वाहतुकीचे किरकोळ दंड वगळून विचारलंय, आणि जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या, सोबत दोन ओळींचा खुलासा आणि समन्सची प्रत. वेगाच्या केसमुळे ऑफर गेली असं मी क्वचितच ऐकलंय, कामच गाडी चालवण्याचं असेल तर गोष्ट वेगळी. लपवलं आणि नंतर सापडलं म्हणून ऑफर गेली, हे मात्र ऐकलंय. पासपोर्ट नवीन काढायचा किंवा रिन्यू करायचा असेल तर फॉर्ममध्ये कोर्टात प्रलंबित फौजदारी प्रकरण आहे का, हा प्रश्न असतो, तिथेही हाच नियम, आणि केस चालू असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळतो. कोर्टाची केस लवकर संपवणं तुमच्या फायद्याचं आहे ते यासाठी. तारखा घेत बसू नका.

एजंटला पैसे देऊ नका. आठ हजारात तो काय करणार हे त्याला विचारा, तो सांगणार नाही. लायसन्सची कारवाई सारथी या सरकारच्या लायसन्सच्या सिस्टीममध्ये चढते, कोर्टाची केस कोर्टात, यातलं काहीही बाहेर उभा असलेला माणूस पुसू शकत नाही. तो फार तर तुमच्या वतीने रांगेत उभा राहील आणि शेवटी जी तीन महिन्यांची ऑर्डर निघायचीच होती ती "कमीत भागवली" म्हणून हातात देईल. आणि वर द्यायचेत म्हणून पैसे मागत असेल तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दोन हजाराच्या पावतीतून तिथपर्यंत जाऊ नका. हेच पैसे एखाद्या वकिलाला कागद दाखवायला आणि १८४ साठी उभं राहायला द्या. १८३ एकटं असेल तर वकीलही नको, स्वतः करा.

आता जे तुम्ही विचारलेलं नाही ते. ११२ म्हणजे सेकंदाला ३१ मीटर. ६० ला तेच सतरा मीटरच्या आत असतं. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो, म्हणजे तुम्ही ब्रेक दाबायच्या आधीच गाडी ३१ मीटर पुढे गेलेली असते, आणि मग थांबवायची ऊर्जा ६० च्या मानाने जवळजवळ साडेतीन पट. वारज्याच्या त्या पट्ट्यात रात्री अकरानंतरही माणसं डिव्हायडर ओलांडून रस्ता क्रॉस करतात, कामावरून सुटलेले वॉचमन, भाजीवाले, एसटीतून हायवेलाच उतरलेली कुटुंबं. नुकसानभरपाईच्या दाव्यांत मी कधी गेलेल्या माणसाच्या बाजूने उभी राहते, कधी गाडीवाल्याच्या, आणि दोन्हीकडची घरं बघितल्यावर मला खरंच असं वाटतं की तुम्हाला त्या रात्री इंटरसेप्टरने थांबवलं हे चांगलं झालं. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरमध्ये जे झालं ते पुण्यात कुणी विसरलेलं नाही, दोन तरुण इंजिनिअर गेले, त्यानंतर या शहरात वेगाच्या केसकडे कुणीच किरकोळ म्हणून बघत नाही, आणि बघूही नये. कुणाचा जीव गेला असता तर न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत कैद, आणि मग मी तुम्हाला एक पानाचं उत्तर कसं लिहायचं ते सांगत नसते. हे भीती घालायला नाही. सुनावणीत अधिकारी विचारेल की परत असं होणार नाही कशावरून, तेव्हा पाठ केलेलं वाक्य लगेच कळतं, आणि खरंच विचार करून आलेला मुलगाही कळतो.

या आठवड्यात काय करायचं ते सलग सांगते. आज कलम बघा आणि गाडीची चावी घरात देऊन टाका. उद्या-परवा जुन्या पावत्यांचे फोटो बघून भरा, किंवा तक्रार टाका. सुट्टीच्या दिवशी कुणालातरी घेऊन बोर्डाचे फोटो काढून आणा. मग आरटीओचं उत्तर लिहा, वडिलांना वाचायला द्या, त्यांना अजून सगळं सांगितलेलं नसेल तर आधी सांगा, कारण मालक म्हणून कागद त्यांच्याकडेही येऊ शकतात आणि ते पोस्टमनकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. कोर्टाच्या तारखेआधी १८४ बद्दल वकिलाशी बोलून घ्या.

शेवटचं, लायसन्स परत घ्यायच्या वेळचं. तीन महिने संपले की ते घरी येईल म्हणून वाट बघू नका, पोचपावती, ऑर्डरची प्रत आणि ट्रेनिंगचं सर्टिफिकेट घेऊन स्वतः जा. कार्ड हातात आलं तरी लगेच गाडी काढू नका, आधी परिवहन पोर्टलवर लायसन्सचं स्टेटस बघा. कार्ड खिशात आणि सिस्टीममध्ये अजून निलंबित, असं बऱ्याचदा होतं, आणि पुढच्या नाकाबंदीत पोलीस कार्ड नाही, स्क्रीन बघतात. तसं दिसलं तर त्याच ऑफिसात लेखी अर्ज द्या, इनवर्ड घ्या, आणि स्टेटस ॲक्टिव्ह होईपर्यंत अजून चार दिवस बसने जा. कलम कुठलं निघालं ते कळवा, २८१ असेल तर त्याचं वेगळं सांगते.